शाई वाळते, बिल वाळत नाही

प्रश्न : मी बेस्टमधून वाहक म्हणून निवृत्त झालो असून लालबागला राहतो. माझ्या 27 वर्षांच्या मुलीला दोन वर्षांपूर्वी एडीएचडीचे, म्हणजे लक्ष टिकवणे आणि कामे वेळेत उरकणे अवघड करणाऱ्या मेंदूच्या स्थितीचे, निदान झाले. काळाचौकीला भाड्याच्या गाळ्यात ती टी-शर्टवर स्क्रीन प्रिंटिंग करते. वर्षाची उलाढाल 11 लाखांच्या आसपास आहे. गोविंदा पथके आणि गणपती मंडळे तिचे काम वाखाणतात. रात्रीचे दोन वाजले तरी स्क्रीन, म्हणजे छपाईची जाळीची चौकट, धुतल्याशिवाय ती गाळा बंद करत नाही. पण गेल्या महिन्यात कपाटात माल पोचवल्याची 31 चलने सापडली, ज्यांची बिलेच केलेली नव्हती. जीएसटीचा दंडही भरावा लागतो. हा आळस आहे का? तिने धंदा बंद करून लिपिकाच्या परीक्षा द्याव्यात का? अपंगत्वाच्या प्रमाणपत्राचा काही उपयोग होईल का? की तिचा हिशेब मी सांभाळू?
– एक वडील

उत्तर : आपल्या पत्राचे उत्तर आपणच पत्रात लिहून ठेवले आहे, ते रात्री दोनच्या वाक्यात. स्क्रीन तशीच सोडली तर वॉटरबेस शाई जाळीत वाळते, जाळीची छिद्रे बुजतात आणि नवी स्क्रीन करण्याचा खर्च अंगावर पडतो. हे नुकसान डोळ्यांदेखत होत असल्यामुळे आपली मुलगी दमलेली असतानाही ते काम टाळत नाही. बिल मात्र वाळत नाही. ते आज केले काय आणि पुढच्या आठवड्यात केले काय, टेबलावर काहीच बिघडलेले दिसत नाही; बिघाड कळतो तो तीन महिन्यांनी, मंडळाचा खजिनदार फोन उचलेनासा झाल्यावर. समोर असलेल्या कामाला एडीएचडी असलेला मेंदू विलक्षण जोराने भिडतो, पण लांबच्या फळाचे आणि लांबच्या दंडाचे वजन त्याला इतरांपेक्षा कमी जाणवते, आणि नजरेआड झालेली गोष्ट मनातूनही लवकर निसटते. याला आळस म्हणणे चुकीचे आहे. आळशी माणूस रात्री दोनला जाळी धूत बसत नाही.

लिपिकाच्या नोकरीचा विचार सोडून द्यावा, असे मी स्पष्टच सुचवतो. तिला जे जमत नाही तेवढेच काम त्या नोकरीत दिवसभर करावे लागते.

करायचे ते एवढेच, की बिलही शाईसारखे जागेवर वाळू लागेल अशी गाळ्याची रचना करायची. आपल्याला हे समजावून सांगण्याची गरज नसावी. फेरी संपली की तिकिटांचे आकडे वे-बिलावर चढवायचे आणि ड्यूटी संपली की आगारात रोकड भरायची, ही शिस्त आपण आयुष्यभर पाळलीत. पण ती केवळ आपल्या स्वभावातून आलेली नव्हती, हिशेब जुळल्याशिवाय सुटकाच होणार नाही अशी ती व्यवस्था होती. मुलीच्या गाळ्यात तशी व्यवस्था नाही. ऑर्डर व्हॉट्सअ‍ॅपवर येते, भाव तोंडी ठरतो, गठ्ठा मोटारसायकलवरून जातो आणि हिशेब ‘नंतर’ होतो.

म्हणून प्रत्येक ऑर्डरचे एक जाड कार्ड करावे आणि ते चिमट्याने थेट स्क्रीनच्या फ्रेमला लावावे. त्यावर मंडळाचे नाव, नग, साइझ, भाव आणि आगाऊ रक्कम, एवढेच असावे. निम्मी रक्कम खात्यात आल्याचा आकडा कार्डावर चढत नाही, तोवर स्क्रीन करायला घ्यायचीच नाही. छपाई झाली की घडी घालण्याच्या त्याच टेबलावर, त्याच हातासरशी मोबाइलवर बिल करावे आणि उरलेले पैसे आल्यावरच गठ्ठ्याला सुतळी बांधावी. सुतळी हा इथला खरा पहारेकरी आहे. ओळखीच्या मंडळांकडून असे पैसे मागणे तिला जड जाईल, त्यासाठी नियमांची पाटी दारावर लावावी. माणसाशी हुज्जत घालता येते, पाटीशी घालता येत नाही. भावही पाटीवरच असावेत, कापडाचे दोन प्रकार आणि छपाईचे तीन रंग यांपुरते, कारण दर वेळी नव्याने भाव काढण्यात तिची बरीच शक्ती खर्च होत असणार. नवी डायरी किंवा नवे अ‍ॅप मात्र आणू नये. त्यांची नवलाई ओसरली की तीही कपाटातच जातात, हे मी अनेक घरांत पाहिले आहे.

जीएसटीचे काम तिच्या हातून काढूनच घ्यावे. परराज्यात माल जात नसेल तर महाराष्ट्रात फक्त माल विकणाऱ्याला 40 लाखांच्या आणि सेवा देणाऱ्याला 20 लाखांच्या उलाढालीपर्यंत नोंदणी साधारणपणे सक्तीची नसते. गिऱ्हाइकाने आणून दिलेल्या टी-शर्टवर छपाई करणे सेवेत मोडते, तरीही ती मर्यादेच्या आतच आहे. मग ती नोंदणी कशासाठी चालू ठेवली आहे, हे तिला विचारावे. नोंदणी असेपर्यंत व्यवहार नसला तरी विवरणपत्र भरावे लागते आणि विलंब शुल्क दिवसाला 50 रुपये, शून्य विवरणपत्राला 20 रुपये लागते. जीएसटीचे बिल मागणाऱ्या कंपन्यांची कामे नसतील तर राहिलेली विवरणपत्रे भरून नोंदणी रद्द करून घेता येईल. असतील तर करसल्लागाराची फी गाळ्याच्या भाड्यासारखीच ठरलेला खर्च मानावी.

प्रमाणपत्राविषयी थोडक्यात सांगतो. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यातील 21 प्रकारांत स्वमग्नता आणि विशिष्ट अध्ययन अक्षमता आहेत, एडीएचडी स्वतंत्रपणे नाही. भांडवल हवे असल्यास मुद्रा कर्जासाठी असे प्रमाणपत्र लागत नाही. औषधांबाबतचा निर्णय तिचा आणि तिच्या मानसोपचारतज्ज्ञांचा आहे.

हिशेब मी सांभाळू का, असेही आपण पत्राच्या शेवटी विचारले आहे. सांभाळू नये, बाप-लेकीच्या नात्यात तपासनीस शिरला की ती चलने आणखी खोल कपाटात जातील. मात्र शेजारी कोणी नुसते बसलेले असले तरी अशा मेंदूला कंटाळवाणे काम रेटणे पुष्कळदा सोपे जाते. ती हो म्हणत असेल तर बुधवारी दुपारी दोन तास वर्तमानपत्र घेऊन गाळ्यात बसावे आणि काहीही विचारू नये. आपल्याला हे सर्वांत अवघड जाईल, याची मला कल्पना आहे. पहिल्या बुधवारी तिने 31 चलनांतले सर्वांत अलीकडचे एकच काढावे, कारण त्याचे पैसे मिळण्याची शक्यता सर्वाधिक आहे. त्याचे बिल करून, पाठवून आणि एक फोन करून झाला की गाळा बंद करावा.