लोकल आणि मेट्रोत मोटरच ब्रेक लावते म्हणतात, म्हणजे मोटर उलटी फिरवतात का? मग हवेचे ब्रेक कशाला ठेवलेत?

उलटी अजिबात फिरवत नाहीत. मी सांगलीत ड्राइव्ह (मोटरला जाणाऱ्या विजेची फ्रिक्वेन्सी बदलून तिचा वेग ठरवणारं यंत्र) आणि मोटरचं काम करतो, गळीत हंगामात बराच वेळ साखर कारखान्यांच्या सेंट्रीफ्युगलवर (बास्केट जोरात फिरवून साखरेतून मळी वेगळी करणारं यंत्र) जातो, तिथंही हेच तत्त्व आहे म्हणून तिथूनच सांगतो.

चार पोलची इंडक्शन मोटर घ्या. ५० हर्ट्झला आतलं चुंबकीय क्षेत्र १५०० आरपीएमने फिरतं, रोटर (मोटरचा फिरणारा भाग) जरा मागे, समजा १४८०. आता ड्राइव्हने फ्रिक्वेन्सी ४५ केली की क्षेत्र १३५० वर येतं, पण रोटर जडत्वामुळं अजून १४८० लाच पळतोय, म्हणजे तो क्षेत्राच्या पुढे गेला, आणि त्या क्षणी मोटर जनरेटर होते. टॉर्क उलट्या दिशेला, फिरणं त्याच दिशेला. ड्राइव्ह फ्रिक्वेन्सी तशीच खाली खाली आणत राहतो आणि वेग मोडत जातो.

खरी गंमत पुढं आहे, ही तयार झालेली वीज जाणार कुठं? साखरेनं भरलेली बास्केट थांबवताना ड्राइव्हच्या डिस्प्लेवर डीसी बसचा (ड्राइव्हच्या आतल्या डीसी लाइनचा) व्होल्टेज बघा, सहाशेच्या आसपास असतो तो सरसर सातशेच्या वर चढतो, वाट नाही दिली तर ओव्हर व्होल्टेजला ट्रिप, म्हणजे ड्राइव्ह बंद. म्हणून एकतर रेझिस्टरमध्ये जाळायची नाहीतर लाइनला परत द्यायची.

मुंबईत १९२५ पासून १५०० व्होल्ट डीसी होतं, तिथल्या रेक्टिफायर (एसीची डीसी करणाऱ्या) सबस्टेशनला वीज उलटी घेता येत नाही, त्यामुळं जवळपास दुसरी लोकल पिकअप घेत असेल तरच ती वापरली जायची. २०१६ पर्यंत लोकलचे सगळे मार्ग २५ केव्ही एसीवर गेले, आता गाडीतला कन्व्हर्टरच वीज ओव्हरहेड वायरमध्ये परत ढकलतो. पुणे मेट्रोच्या पहिल्या दोन मार्गांवरही २५ केव्हीच. मला हे फार मोलाचं वाटतं कारण लोकल दर दोन-चार मिनिटांनी थांबते, प्रत्येक वेळी तेवढी ऊर्जा ब्रेक शूमध्ये घासून घालवणं म्हणजे नुसती उधळपट्टी.

हवेचे ब्रेक मात्र लागतातच. मोटर फक्त मोटर कोचला, ट्रेलर डब्यांना नाही, त्यामुळं कमी पडेल तेवढा जोर हवेनं भरून काढतात. वेग अगदी कमी झाला की मोटरचा जोर हळूहळू काढून घेतात आणि शेवटचं थांबणं हवेवर होतं. शिवाय ओव्हरहेडची वीज गेली तरी गाडी थांबलीच पाहिजे, तिथं मोटरच्या भरवशावर राहून चालत नाही.