कोल्हापुरात जास्वंदीवर येणारा चमकता निळा पक्षी हमिंगबर्ड आहे का?

नमस्कार. तुम्ही लिहिलंय की राजारामपुरीतल्या तुमच्या दारच्या जास्वंदीवर उन्हाळाभर काळानिळा, चमचमणारा इवलासा पक्षी यायचा. दिवाळीपासून तो दिसेनासा झाला आणि आता पिवळट पोटाचा, मधोमध काळा पट्टा असलेला दुसराच कुणीतरी येतो. हा कोणता हमिंगबर्ड, असं विचारलंय.

हमिंगबर्ड नाही तो. त्यांच्या साडेतीनशेहून जास्त जाती आहेत, पण सगळ्या अमेरिका खंडांतल्या. भारतात एकही नाही. तुमच्याकडे येतो तो जांभळा शिंजीर. सूर्यपक्षीही म्हणतात त्याला. आणि 'दुसरा' वाटतोय तोसुद्धा शिंजीरच, बहुधा तुमचाच जुना पाहुणा. विणीचा हंगाम सरला की नर आपला झगमगीत वेश उतरवतो आणि मादीसारखा मातकट-पिवळा होतो. गळ्यापासून पोटापर्यंत उतरणारा तो काळा पट्टा तेवढा राहतो. थंडी सरता सरता पट्ट्याच्या कडेनं निळी पिसं डोकावायला लागतात, तेव्हा काही दिवस तो अगदी ठिगळं लावल्यासारखा दिसतो. रोज पाहत असाल तर हा बदल चुकवू नका.

रंगावर फार जाऊ नका, कारण सावलीत हा नुसता काळा दिसतो आणि मान वळवली की निळा-जांभळा. खातो कसा ते पाहा. हमिंगबर्ड हवेत एका जागी थांबून मध पितो, मागेसुद्धा उडतो. शिंजीरही क्षणभर तरंगतो, म्हणून फसायला होतं, पण त्याची खरी सवय फांदीला धरून, प्रसंगी उलटं लोंबकळून पिण्याची. जास्वंदीचं मोठं फूल असलं तर तो समोरून जातच नाही. देठालगत चोच खुपसतो आणि मध परस्पर काढून घेतो. तो उडून गेल्यावर फूल हातात घेऊन बघा, बुडाशी बारीक भोक सापडेल.

शहरात आणखी एक शिंजीर सर्रास दिसतो, जांभळ्या पाठीचा. त्याच्या नराचं पोट बाराही महिने पिवळंधमक असतं, गळा जांभळा आणि खांद्यावर हिरवी चमक. माद्यांमध्ये गल्लत होते. तिथं गळा बघायचा: जांभळ्या शिंजिराच्या मादीचा पिवळट, जांभळ्या पाठीवाल्याच्या मादीचा राखाडी-पांढरा. आणि तुमचा पाहुणा कधी बसतच नसेल, डोक्यावर दोन मिशा आणि तोंडाशी गुंडाळी होणारी सोंड दिसत असेल, तर तो पक्षीच नव्हे. तो हॉक मॉथ, दिवसा उडणारा पतंग. त्यालाही हमिंगबर्ड समजून लोक फोटो पाठवतात.

घरट्याचं मात्र जरा सविस्तर सांगतो. दोन उन्हाळ्यांपूर्वी आमच्या परड्यात कपडे वाळत घालायच्या तारेला कचरा लोंबतोय असं वाटून आईनं झाडू उचलला होता. तेवढ्यात चोचीत कोळ्याचं जाळं घेऊन मादी आली आणि त्या 'कचऱ्या'भोवती ते गुंडाळायला लागली. सालीचे तुकडे, वाळकी पानं, सगळं जाळ्यानं बांधलेलं. बाजूला दार, दारावर पावसाळी पडवीसारखी छोटी झाप, आत सावरीचा कापूस. बांधणं आणि अंडी उबवणं मादीच करते, नर पिल्लांना भरवायला येतो. पिल्लांना मध पुरत नाही, किडे आणि कोळीच लागतात. म्हणून बागेत औषध फवारत असाल तर कृपा करून थांबवा, आणि कोपऱ्यातली चार जाळी राहू द्या.

मी तेव्हा फोटोच्या नादात रोज घरट्यापासून दोन हातांवर जाऊन उभा राहायचो. मादी चोचीत किडा धरून डाळिंबावर ताटकळत बसायची. चौथ्या दिवशी भारद्वाजानं घरटं फाडलं. माझ्या येण्याजाण्यानं त्याला जागा दाखवली असं मला आजही वाटतं, आणि ते बोचतं. तुमच्याकडे फेब्रुवारी-मार्चनंतर घरटं दिसलं तर खिडकीच्या आतूनच बघा.

आता तुमच्या हमिंगबर्डकडे येतो, कारण तुमची हौस मला कळते. शिंजीर जातकुळीनं चिमणीच्या बाजूचा. मध पिता पिता दोघांच्या चोची सारख्या झाल्या, रक्ताचं नातं काही नाही. हमिंगबर्डचे आपल्याकडचे खरे भाऊबंद म्हणजे पाकोळ्या. संध्याकाळी गच्चीवर जा. जुन्या इमारतींच्या कमानीखाली पिसं आणि गवत लाळेनं चिकटवून त्यांनी घरटी केलेली असतात, आणि कोयत्याच्या पात्यासारख्या पंखांनी चिरचिरत थव्यानं गिरक्या घेतात, त्या.