बॉडी नवी घेण्याआधी

चि. मुली,

अनेक आशीर्वाद.

तुझा मेसेज वाचला. तुळशीचं लग्न झालं की लग्नाच्या फोटोंचा सीझन सुरू, हातात चार ऑर्डरी आहेत, तेव्हा मोठ्या सेन्सरची नवी फुल-फ्रेम कॅमेरा बॉडी ईएमआयवर उचलू का, असं विचारलं आहेस. माझं सरळ उत्तर आहे, यंदा नको. तुझी आत्ताची बॉडी दोन कार्डांवर एकाच वेळी फोटो लिहिते, अंधाऱ्या हॉलमध्येही फोकस पकडते. लग्नाच्या कामाला एवढं भरपूर झालं.

नव्या बॉडीचं खूळ कुठून शिरलं ते मला ठाऊक आहे. घोडबंदर रोडच्या हॉलमधला तो फोटो तू पाठवलास ना, अंतरपाट नुकताच खाली आलाय, नवरीच्या मुंडावळ्यांत दोन अक्षता अडकल्यात, ती हसू दाबतेय. आणि मागच्या एलईडी वॉलवर काळे आडवे पट्टे. नवरीच्या कपाळावरही एक फिकट पट्टा उतरलाय. फोटो इतका नेमक्या क्षणाचा आहे की पट्टे बघून मलाही चुटपुट लागली. पण दोष बॉडीचा नाही. मंगलाष्टकं चालली असताना खटखट नको म्हणून तू सायलेंट शटर लावलं होतंस. त्यात सेन्सर वरून खाली एकेक ओळ वाचत जातो, आणि एलईडी वॉल डोळ्याला स्थिर दिसली तरी सतत उघडझाप करत असते. काही ओळी वाचल्या जाताना दिवे चालू, काही वाचताना बंद, झाले पट्टे.

सोनीच्या अल्फा ९ थ्री मध्ये ही ओळीओळीने वाचायची भानगड राहत नाही, हे खरं. २०२३ च्या नोव्हेंबरात जाहीर झालेला तो ग्लोबल शटरचा पहिला फुल-फ्रेम कॅमेरा. अख्खा सेन्सर एका क्षणात वाचतो. पण त्याच्या किमतीत तुझं पूर्ण किट उभं राहील. तू आपलं खटखट करणारं नेहमीचं मेकॅनिकल शटर लाव. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, म्हणजे हॉलचे साधे दिवे सेकंदाला १०० वेळा कमीजास्त होतात. म्हणून १/१०० किंवा १/५० सेकंदाच्या शटर स्पीडवर राहा, आणि मेनूत दिव्यांची लुकलुक सांभाळणारं अँटी-फ्लिकर असेल तर चालू ठेव. वॉलचं गणित वेगळं असतं, प्रत्येक वॉलगणिक बदलतं. पाहुणे यायच्या आधी रिकाम्या स्टेजचे वेगवेगळ्या शटर स्पीडला फोटो काढ, स्क्रीनवर मोठे करून बघ. आणि मंगलाष्टकांच्या गजरात तुझ्या शटरचा आवाज ऐकायला कुणाचे कान रिकामे असतात गं?

आता मुद्द्याचं. चार ऑर्डरी घेतल्यास, त्यातल्या किती लेखी आहेत? व्हॉट्सॲपवरचं ‘ओके काका, डन’ मी धरत नाही.

कॉपीराइट कायदा १९५७ चा आहे. त्याचं कलम १७ फोटोग्राफरने एकदा तरी स्वतः वाचावं. फोटो काढणारा तो कर्ता, हे कायदा मानतो. पण कुणी पैसे मोजून, सांगून फोटो काढून घेतला असेल आणि उलट काही ठरलेलं नसेल, तर कॉपीराइटचा पहिला मालक तो पैसे देणारा. म्हणजे कागद नसेल तर लग्नाच्या फोटोंची मालकी पार्टीची. तू काढलेला फोटो तुझ्याच इन्स्टावर टाकायला उद्या त्यांनी हरकत घेतली, तर तुझी बाजू लंगडी. कलम ५७ प्रमाणे ‘हा फोटो माझा’ हे सांगायचा हक्क तुझ्याकडे राहतो, पण तो फोटो वापरण्याची मुभा त्यातून मिळत नाही. बऱ्याच जणांना वाटतं, कोपऱ्यात वॉटरमार्क टाकला की झालं. नाही होत.

उपाय एका पानाचा आहे, आणि मराठीत लिहिलास तरी चालतो. कॉपीराइट फोटोग्राफरकडे राहील. पार्टीने घरगुती वापरासाठी फोटो हवे तितके छापावे, हवे तिथे टाकावे. फोटोग्राफरने निवडक फोटो कामाचा नमुना म्हणून दाखवावे. लहान मुलांचे आणि घरातल्या खासगी विधींचे फोटो विचारल्याशिवाय बाहेर जाणार नाहीत, ही ओळ न विसरता घाल. मुलीची आई ती ओळ वाचते आणि मग बाकीचं न वाचता सही करते. दुसऱ्या कुणा फोटोग्राफरच्या हाताखाली सेकंड शूटर म्हणून जाशील तेव्हा त्याच्याकडूनही पोर्टफोलिओची परवानगी लिहून घे. तिथे तुला पैसे देणारा तोच असतो.

त्याच पानावर पैसे. बुकिंगला ॲडव्हान्स, लग्नाच्या दिवशी दुसरा हप्ता, अल्बम छपाईला जाण्याआधी उरलेला. अल्बम घरी पोचला की बॅलन्स मागायला आपण नकोसे होतो, हा आमच्या पिढीचा अनुभव आहे.

कंपन्यांचं काम वेगळं. माझं एका इव्हेंट कंपनीकडचं बिल गणपतीत दिलेलं, होळी आली तरी ‘अकाउंट्सला टाकलंय’ एवढंच ऐकत होतो. उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या धंद्याची सरकारी नोंदणी, करून घे. ती सरकारी संकेतस्थळावर फुकट होते, एजंटला दमडी द्यायची गरज नाही. सूक्ष्म आणि लघु उद्योगांसाठी २००६ चा कायदा आहे. लेखी करार असला तरी त्यात पैसे द्यायची मुदत ४५ दिवसांपलीकडे ठेवता येत नाही, आणि उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज लागतं. व्याज मागायची वेळ सहसा येत नाही. बिलावर उद्यम क्रमांक आणि देय तारीख छापलेली असली की अकाउंट्सवाले फाइल जरा वर काढतात, कारण मुदत टळली आणि आर्थिक वर्ष संपेपर्यंतही पैसे दिले नाहीत तर तो खर्च त्यांना त्या वर्षी आयकरात दाखवता येत नाही.

ड्रोनचं म्हणशील तर पार्टी मागणारच. ठाण्यातलं येऊरचं जंगल संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात मोडतं, तिथे वनखात्याच्या परवानगीशिवाय उडवायचा विचारही नको. बाकी ठिकाणी ड्रोन कुठे उडवता येतो ते डिजिटल स्काय या सरकारी साइटवरच्या नकाशात बघायचं. आता नवी मुंबईचाही विमानतळ झालाय. २५० ग्रॅमच्या वरचा ड्रोन पैसे घेऊन उडवायचा तर रिमोट पायलट सर्टिफिकेट लागतं. ते असलेला माणूस दिवसाच्या भाड्याने घे आणि त्याचा खर्च वेगळा लाव.

ईएमआयचे पैसे हातात खुळखुळतच असतील तर दोन नवी कार्डं आणि एक जास्तीची हार्ड डिस्क घे. अल्बम हातात पडेपर्यंत डेटाची एक प्रत घराबाहेर हवी. डोंबिवलीला मावशीकडे ठेवलीस तरी पुरे. लेन्ससाठी ड्राय कॅबिनेट, म्हणजे आतली हवा कोरडी ठेवणारं कपाट. खाडीकाठच्या पावसाळ्यात काचेवर बुरशी धरायला वेळ लागत नाही, आर्द्रता ४० ते ५० टक्क्यांत ठेव. कॅबिनेट परवडत नसेल तर रबरी कड असलेला हवाबंद डबा, सिलिका जेल आणि आर्द्रता मोजणारा छोटा हायग्रोमीटर. ८५ एमएमची लेन्स हवीच असेल तर मुंबईत फोर्टच्या बोरा बाजारात सेकंडहँड मिळेल, पण एकटी जाऊ नकोस. मागून टॉर्च मारून काच कशी बघायची ते दाखवतो. बिलाशिवाय घ्यायची नाही.

कराराचा कच्चा मसुदा गुरुवारपर्यंत पाठव. टाइप करत बसू नकोस, हाताने लिहून फोटो काढलास तरी चालेल. आणि डिसेंबरच्या त्या ऑर्डरीची रक्कम अजून बोलली नसशील तर माझ्याशी बोलल्याशिवाय आकडा सांगू नकोस. तू अल्बमची छपाई धरायला विसरतेस.

तुझा
काका