ती बिलं आधी बाहेर काढ

*ताई, मी २३ वर्षांची आहे. चित्रकलेचं शिक्षण नुकतंच संपलं. दोन वर्षांपूर्वी ब्रेकअप झालं तेव्हा रात्र रात्र जागून चित्रांची एक मालिका केली होती. पाठमोरी बाई, सगळं निळ्या रंगात. सगळ्यांना आवडली, बक्षीसही मिळालं. आता माझ्या आयुष्यात एक फार चांगला मुलगा आहे. समजूतदार आहे, माझं सगळं सांभाळून घेतो. पण गेले आठ महिने कॅनव्हाससमोर बसते आणि काही म्हणजे काही सुचत नाही. मध्ये बाबांची बायपास झाली, तेव्हा दवाखान्यात औषधांच्या बिलांमागे पेनानं काहीबाही काढायचे, पण तो आपला टाइमपास. बाकी शून्य. सुखात असलं की कला होत नाही, हे खरं असावं. या नात्यातून बाहेर पडू का?*
*— कोरी*

कोरी,

त्या मुलाचं पुढे बघू. तो चांगला आहे हे तू मला पटवून दिलंस, बरं वाटलं. कुणाला सोडायचंच झालं तर त्याच्या अवगुणांपायी सोडावं, स्वतःच्या चित्रांपायी नव्हे. त्याचा विषय इथेच संपला.

मला ती बिलं हवी आहेत.

वडिलांची छाती उघडली गेली, तू बाहेर बाकावर बसलीस, हातात जे होतं त्यावर जे पेन मिळालं त्यानं रेघा ओढत राहिलीस, आणि हे सगळं तू एका वाक्यात उरकून पुढच्याच वाक्यात 'शून्य' लिहितेस? काय काढलंस तेसुद्धा सांगावंसं वाटलं नाही तुला. मनगटावर चिकटपट्टी लावलेला हात? समोरच्या बाकावर चपला उशाला घेऊन झोपलेलं कुणी? मला माहीत नाही. पण तिथे निळा रंग नव्हता, बक्षीस नव्हतं, 'मी किती दुःखी दिसते' हे बघायला आरसाही नव्हता, एवढं नक्की. तू तुझ्याकडे बघत नव्हतीस. समोर बघत होतीस. म्हणून तर ते तुला चित्र वाटलं नाही.

पहिली निळी बाई खरीच असणार, त्याबद्दल मला शंका नाही. पण त्या बाईनं तुला एक वाईट सवय लावली. भावना म्हणजे प्रेमभंग, आणि प्रेमभंग म्हणजे पाठमोरं बसणं, असं तुझ्या डोक्यात पक्कं झालंय. बाप मरणाच्या दारातून परत आला तर ते तुझ्या हिशेबात कुठे मांडायचं हेच तुला कळेना, म्हणून टाइमपासच्या खात्यात टाकलंस. आठ महिने तू सुखात होतीस म्हणे! भ्यायली होतीस, बाई. अजूनही भ्यायलेली आहेस, आणि त्याचं खापर एका गरीब बिचाऱ्या समजूतदार मुलावर फोडायला निघालीस.

नॉर्वेचा एडवर्ड मुंक तुला अभ्यासक्रमात भेटला असेलच. त्याची मोठी बहीण सोफी १८७७ मध्ये क्षयानं गेली. ती पंधरा वर्षांची, हा तेरा. आजारी मुलीचं ते चित्र तो रंगवायला बसला १८८५ मध्ये, म्हणजे जवळजवळ तुझ्याच वयाचा असताना, आणि मॉडेल म्हणून समोर बसवली ती दुसरीच मुलगी. रंग लावायचा, खरवडून काढायचा, पुन्हा लावायचा. ते ओरखडे त्या कॅनव्हासवर आजही दिसतात. १८८६ च्या प्रदर्शनात त्यानं ते लावलं तेव्हा नाव काय दिलं होतं, तर नुसतं 'अभ्यास'. लोकांनी टिंगल केली. पुढची चाळीस वर्षं तो पुन्हा पुन्हा त्याच पलंगापाशी आला आणि तेच चित्र एकूण सहा वेळा रंगवलं. दर वेळी नव्यानं कुणी मरायची वाट पाहिली नाही त्यानं. आपल्याकडे काय पडलंय हे त्याला ठाऊक होतं.

तुझ्याकडे काय पडलंय हे तू अजून उलटूनही पाहिलेलं नाहीस.

तेव्हा आज संध्याकाळी एकच काम करायचं. ती बिलं शोध. पर्समध्ये असतील, फाईलमध्ये असतील, क्लेमसाठी कुणी घेऊन गेलं असेल तर मागून आण. आधी प्रत्येकाचे दोन्ही बाजूंनी फोटो काढून घे, कारण औषधांच्या दुकानातला तो गुळगुळीत कागद उन्हानं, उष्णतेनं काळपट पडतो आणि त्यावरची छपाई उडून जाते. मग जमिनीवर तारखेप्रमाणे मांड. तारीख छापलेलीच असते, तुला आठवायची गरज नाही. ऑपरेशनच्या आदल्या दिवशीचं कुठलं, त्या दिवशीचं कुठलं, घरी सोडलं तेव्हाचं कुठलं, बघ. रेघ कुठे थरथरलीय, कुठे एकाच जागी गिरवून गिरवून कागद फाटायला आलाय, तेही बघ. त्यातलं जे बघवत नाही ते उचल आणि मोठ्या कागदावर कोळशानं काढ. निळ्याची ट्यूब त्या दिवशी कुणाकडे तरी ठेवायला दे. त्या मुलाकडेच दे, तेवढा उपयोग होऊ दे त्याचा.

चांगलं होईल असं नाही. पहिलं बहुधा बिघडेलच. खरवड आणि पुन्हा काढ.

आणि मग बाबांना समोर बसव. बायपासमध्ये बऱ्याचदा पायातली शीर काढून हृदयाला जोडतात, म्हणजे छातीवर एक व्रण आणि पोटरीवरही असेल. दोन्ही काढू द्याल का, असं सरळ विचार. बाप लोक अशा वेळी 'त्यात काय बघायचंय' म्हणतात आणि दुसऱ्या दिवशी दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून खुर्चीवर ताठ बसतात. तो शर्ट उतरवायला लावणं हे तुझं काम. जमलं की मला कळव, आणि तोवर त्या मुलाबद्दल एक अक्षरही लिहू नकोस.

— ताई