पायथॉन-डॉक्समध्ये परिच्छेद आणि टेबलं मूळ क्रमाने कशी वाचायची?

तुमची अडचण मला समजली ती अशी: वर्डच्या अहवालात थोडा मजकूर, मग टेबल, पुन्हा मजकूर अशी मांडणी आहे. ‘डॉक्युमेंट.पॅराग्राफ्स’वर लूप फिरवला की टेबलं गायब होतात. ‘डॉक्युमेंट.टेबल्स’ वेगळं घेतलं तर कुठलं टेबल कुठल्या परिच्छेदाखालचं याचा पत्ता लागत नाही.

पायथॉन-डॉक्स ही वर्डच्या फाइली वाचण्या-लिहिण्यासाठीची पायथॉनची लायब्ररी; ती 1.1 किंवा त्यापुढची असेल तर ‘डॉक्युमेंट.इटर_इनर_कंटेंट()’ वापरा. परिच्छेद आणि टेबलं फाइलमध्ये ज्या क्रमाने आहेत त्याच क्रमाने मिळतील. प्रत्येक वेळी ‘इझइन्स्टन्स’ने हातात परिच्छेद आलाय की टेबल ते बघायचं, बस. काही कारणाने जुन्याच आवृत्तीवर अडकला असाल तर ‘डॉक्युमेंट.एलिमेंट.बॉडी’च्या मुलांवर, म्हणजे तिच्या थेट आतल्या टॅगांवर, लूप लावा. टॅग ‘पी’ असेल तर त्या नोडवरून पॅराग्राफचा ऑब्जेक्ट बनवा, ‘टीबीएल’ असेल तर टेबलचा. टॅगच्या नावाआधी महिरपी कंसात भलीमोठी नेमस्पेस चिकटलेली असते, त्यामुळे थेट ‘पी’शी तुलना केलीत तर काहीच जुळणार नाही. छोट्या नावावरून हे पूर्ण नाव बनवून देणारं ‘क्यूएन’ नावाचं फंक्शन लायब्ररीतच आहे.

आता मुळात असं का होतं ते बघू, कारण पुढच्या अडचणीही तिथूनच येतात. डॉक्स फाइल म्हणजे झिप. एक्स्टेन्शन बदलून उघडा, आत ‘वर्ड’ फोल्डरमध्ये ‘डॉक्युमेंट.एक्सएमएल’ सापडेल. त्यात ‘बॉडी’, बॉडीच्या पोटात ‘पी’ आणि ‘टीबीएल’ शेजारी शेजारी. टेबलात ओळ, ओळीत सेल आणि सेलमध्ये पुन्हा ‘पी’, कधी कधी आणखी एक टेबल. ‘पॅराग्राफ्स’ ही यादी फक्त बॉडीच्या थेट मुलांतले ‘पी’ वेचते, खाली उतरत नाही. ‘इटर_इनर_कंटेंट’सुद्धा एकच पातळी चालतं, पण ते सेलवरही चालतं. म्हणून एक छोटं रिकर्सिव्ह फंक्शन लिहा: कंटेनर घ्या, आतल्या वस्तू क्रमाने बघा, परिच्छेद असेल तर परत द्या, टेबल असेल तर त्याच्या प्रत्येक सेलसाठी स्वतःलाच हाक मारा. सेलच्या शेवटी एक ‘पी’ असावाच लागतो, त्यामुळे आतल्या टेबलानंतर रिकामा परिच्छेद मिळाला तर घाबरू नका.

बरेच जण इथे सुचवतात की सरळ एलएक्सएमएलचं (पायथॉन-डॉक्स आतून जी एक्सएमएल लायब्ररी वापरतं तिचं) ‘इटर’ लावा, सगळे ‘पी’ खोलवरून मिळतात. मिळतात खरे, पण मी तसं करत नाही. कुठला परिच्छेद कुठल्या सेलमधला ही माहितीच हरवते. शिवाय टेक्स्ट बॉक्स असेल तर वर्ड त्याचा मजकूर बहुधा दोनदा लिहून ठेवतो, एकदा नव्या पद्धतीने आणि एकदा जुन्या आवृत्त्यांसाठी ‘फॉलबॅक’मध्ये. आंधळेपणाने खोल उतरलात की तोच मजकूर डबल येणार.

डबल मजकुराचं दुसरं कारण म्हणजे मर्ज केलेले सेल, आणि आपल्याकडच्या तक्त्यांत ते जागोजागी असतात. ‘एकूण विद्यार्थी’ असं शीर्षक तीन कॉलमांवर पसरलेलं असलं तर ‘रो.सेल्स’ तुम्हाला तोच सेल तीनदा देतं. उभे मर्ज केलेले असतील तर खालच्या ओळींतही वरचाच सेल पुन्हा. यावर उपाय: सेलचा आतला ‘_टीसी’ नोड एका सेटमध्ये टाकत जा, आधी आलेला असेल तर सोडून द्या. सेटमध्ये नोडच ठेवा, त्याचा ‘आयडी()’ नको. एलएक्सएमएल पायथॉनमधले हे ऑब्जेक्ट लागतील तसे बनवतं आणि कुणी धरून ठेवले नाहीत तर टाकून देतं. मग तोच आयडी भलत्याच सेलला मिळू शकतो आणि चांगला मजकूर चुपचाप गळतो. शोधायला हा बग फार छळतो.

ठळक अक्षरांवरून उपशीर्षकं ओळखणार असाल तर मराठी फाइलींत आणखी एक मेख आहे. देवनागरीला वर्ड ‘कॉम्प्लेक्स स्क्रिप्ट’ मानतो आणि तिचा ठळकपणा, आकार, फॉन्ट वेगळ्या टॅगांत ठेवतो: ‘बी’च्या जागी ‘बीसीएस’, ‘एसझेड’च्या जागी ‘एसझेडसीएस’. दोन्ही टॅग सारखे असले तर प्रश्नच नाही, पण नसले तर ‘रन.बोल्ड’ भलतंच उत्तर देईल (‘रन’ म्हणजे परिच्छेदातला एकाच फॉरमॅटिंगचा तुकडा). ‘रन.फॉन्ट.सीएस_बोल्ड’ही तपासा. आकारासाठी मात्र लायब्ररीत तयार सोय नाही, नोडमधूनच वाचावा लागतो. शिवाय दोन्हीकडे ‘नन’ आलं तर ठळकपणा स्टाइलमधून आलेला असू शकतो. खरं तर लिहिणाऱ्याने ‘हेडिंग’ स्टाइल वापरली असेल तर यातलं काहीच करू नका, स्टाइलचं नाव बघा.

अनुक्रमणिका किंवा फॉर्ममधल्या भरायच्या जागा येत नसतील तर त्या बहुधा ‘एसडीटी’ (वर्डचा कंटेंट कंट्रोल) टॅगच्या आत असतात. ‘इटर_इनर_कंटेंट’ तो टॅग ओलांडून जातं. बॉडीची मुलं स्वतः चालून ‘एसडीटी’ दिसला की त्याच्या ‘एसडीटीकंटेंट’मध्ये उतरावं लागतं. हेडर, फूटर, तळटीपा तर या झाडात नसतातच, त्यांच्या वेगळ्या एक्सएमएल फायली असतात.

लूप चालू असताना परिच्छेद काढून टाकायचे असतील तर आधी सगळ्यांची ‘लिस्ट’ करून घ्या आणि तिच्यावर फिरा. झाड चालता चालता तोडलं की पुढचा नोड निसटू शकतो. आणि फाइल ट्रॅक चेंजेस चालू ठेवून आली असेल तर नव्याने घातलेला मजकूर ‘आयएनएस’ टॅगमध्ये गुंडाळलेला असतो, ‘पॅराग्राफ.टेक्स्ट’ला तो दिसत नाही. अशी फाइल मी आधी वर्डमध्ये उघडून सगळे बदल स्वीकारतो, सेव्ह करतो आणि मगच पायथॉनकडे देतो.