‘ओल्ड-फॅशन्ड’मध्ये जोर नक्की कुठे द्यायचा?

प्रश्न असा की ‘ओल्ड-फॅशन्ड’, ‘बॅड-टेम्पर्ड’ अशा इंग्रजी जोडविशेषणांत अवयव (सिलेबल, म्हणजे एका झटक्यात उच्चारला जाणारा तुकडा) किती आणि आघात (जोर) कुठे.

अवयव सोपे आहेत. जोडाच्या जागी तोडा, मग प्रत्येक भाग वेगळा मोजा. फसवतो तो शेवटचा ‘ईडी’ (-ed). ‘टेम्पर्ड’मध्ये त्याचा वेगळा अवयव होत नाही, म्हणून बॅड-टेम्-पर्ड, एकूण 3. पण आधी ‘ट’ किंवा ‘ड’चा उच्चार असला की होतो: ‘ॲबसेंट-माइंडेड’मध्ये 4.

आघाताची गंमत खरी पुढे आहे. पहिला भाग विशेषण किंवा क्रियाविशेषण आणि शेवटी ‘ईडी’ असेल, तर मुख्य जोर बहुधा दुसऱ्या भागावर येतो. ‘ही इज बॅड-टेम्पर्ड’ म्हणताना ‘टेम्’ ठासून म्हणा. मात्र लगेच नाम आलं, की जोर मागे सरकतो. ‘अ बॅड-टेम्पर्ड टीचर’मध्ये ‘टीचर’चा ‘टी’ सगळ्यात ठळक, आणि विशेषणात ‘टेम्’पेक्षा ‘बॅड’ वरचढ. दोन जोरदार अवयव जवळजवळ आलेले इंग्रजीच्या लयीला रुचत नाहीत. ‘सेकंड-हँड’चंही तेच: ‘द कार इज सेकंड-हँड’मध्ये ‘हँड’, ‘सेकंड-हँड कार’मध्ये ‘सेक्’.

पहिला भाग नाम असेल तर जोर बऱ्याचदा त्याच्यावरच राहतो: ‘होमसिक’, ‘वॉटरप्रूफ’. इथे अपवाद भरपूर. ‘ड्यूटी-फ्री’ आणि ‘ब्रँड-न्यू’ दोन्हींत मुख्य जोर शेवटी.

मराठीत आघाताकडे आपण फारसं लक्ष देत नाही, त्यामुळे कानाला सवय नसते. शब्दकोशातली वरची उभी रेघ मुख्य आघाताची, खालची दुय्यम. पण तिथे बहुधा शब्द एकटा असतानाचा उच्चार दिलेला असतो, नामाआधीचा नव्हे.