‘असेस’ला प्रत्येक वेळी ‘मूल्यमापन’ का चालत नाही?

‘असेस’ या इंग्रजी क्रियापदासाठी मराठीत सरसकट ‘मूल्यमापन करणे’ वापरावं का, असा प्रश्न आहे. माझं उत्तर स्पष्ट नकाराचं आहे. ‘डॉक्टरांनी रुग्णाचं मूल्यमापन केलं’ हे वाक्य मोठ्याने वाचून पाहा. रुग्णाला गुण दिल्यासारखं वाटतं. डॉक्टर रुग्णाला तपासतात, त्याच्या प्रकृतीचा अंदाज घेतात.

‘असेस’चं लॅटिन मूळ ‘शेजारी बसणे’ असं आहे. न्यायाधीशाच्या शेजारी बसून त्याला साहाय्य करणारा तो ‘असेसर’. इंग्रजीत 15व्या शतकात हे क्रियापद आलं ते कराची रक्कम ठरवण्याच्या अर्थाने. त्यासाठी मराठीत ‘आकारणी’ हा अस्सल शब्द आहे. कर आकारतात, दंड आकारतात, आणि गंमत म्हणजे आपल्याकडेही कर ‘बसवतात’च! तिथे ‘मूल्यमापन’ आणलं की अर्थच बदलतो, कारण मालमत्तेचं मूल्य ठरवणं आणि त्यावरचा कर ठरवणं ही दोन वेगळी कामं आहेत.

शब्द निवडताना शेवटी हाती काय येतं ते पाहावं. देय रक्कम येत असेल तर आकारणी, गुण किंवा श्रेणी येत असेल तर मूल्यमापन. परिस्थिती नुसती समजून घ्यायची असेल तर आढावा किंवा अंदाज घेणे. मात्र ‘अंदाज घेणे’ आणि ‘अंदाज करणे’ यांत गल्लत नको. पहिल्यात पाहणी आहे, दुसऱ्यात तर्क. ‘एस्टिमेट’ला दुसरा शोभतो, ‘असेस’ला पहिला. नुकसानीच्या बाबतीत ‘असेस्ड ॲट’ असं म्हणून पुढे रक्कम दिली असेल, तर ‘पाहणीनंतर नुकसान अमुक रकमेचं ठरवलं’ असं सरळ लिहावं.

‘इव्हॅल्युएट’ हा शब्द ‘असेस’च्या अगदी जवळचा. शिक्षणक्षेत्रात बरेचदा शिकणं चालू असताना घेतात ती ‘असेसमेंट’ आणि शेवटी निष्कर्ष काढतात ते ‘इव्हॅल्युएशन’ असा फरक करतात. मराठीत दोन्हींना मूल्यमापनच म्हणतात, म्हणून तो फरक ‘आकारिक’ (शिकणं चालू असतानाचं) आणि ‘संकलित’ (शेवटचं) या विशेषणांनी दाखवावा लागतो. गणितात ‘इव्हॅल्युएट’ म्हणजे निव्वळ ‘किंमत काढा’. तिथे ‘असेस’ येतच नाही.

उच्चारात जोर दुसऱ्या अक्षरावर: अ-सेस. ‘ॲक्सेस’ म्हणजे प्रवेश किंवा पोच, त्यात ‘क्’ स्पष्ट उमटला पाहिजे. तो गिळला की ऐकणारा ‘असेस’ समजतो.